आधी नौका की आधी विमान?

नाशिकहून समुद्र दिसत नाही. कसारा घाट उतरून, कल्याण-ठाणे मागे टाकून मुंबई गाठावी, तेव्हा कुठे खाऱ्या वाऱ्याची झुळूक लागते. तरीही विमानवाहू नौकांविषयी लिहायला नाशिक ही काही अगदीच वावगी जागा नव्हे. ओझरच्या कारखान्यामुळे इथल्या आकाशाला लढाऊ विमानांची सवय जडून आता साठ वर्षे होत आली. चाचणीसाठी विमान उडाले की पिंपळगावच्या द्राक्षबागेत औषध मारणारा माणूस मान वर न करता सांगतो, ‘सुखोई आहे.’ आधीच्या पिढीला मिग-२१ आणि मिग-२७ यांचे आवाज असेच पाठ होते. ज्या घरातले कुणी ना कुणी ‘एचएएल’मध्ये नाही, असे घर ओझरमध्ये शोधूनच काढावे लागेल.

म्हणूनच २८ एप्रिल २०२५ रोजी नौदलासाठी फ्रान्सकडून २६ राफेल विमाने सुमारे ६३ हजार कोटी रुपयांना घेण्याचा करार झाला, तेव्हा आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात त्या किमतीपेक्षा संख्येवरच अधिक खल झाला. सव्वीसच का? आणि घ्यायची तर ती ओझरला का बांधायची नाहीत? मंडळातले एक काका ओझरला फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना म्हटले, “काका, तुम्हीच सांगा आता.” ते हसून म्हणाले, “अरे, एका पोळीसाठी कुणी पिठाची गिरणी घालतं का?”

काकांचे उत्तर एका वाक्यात संपले; पण त्यामागची गोष्ट मोठी आहे. विमानवाहू नौका बाळगण्याची हौस किंवा गरज असलेल्या प्रत्येक लहान नौदलाची ती गोष्ट आहे. आपले नौदल तसे लहान नाही. मात्र विमानवाहू नौकांचा हिशेब मांडायचा तर अमेरिकेच्या अकरा अजस्र नौकांपुढे आपल्या दोन आहेत. या हिशेबात आपण लहानच.

मुळात अडचण कुठे येते ते आधी पाहू. ओझरची धावपट्टी सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. नवी ‘विक्रांत’ अख्खी मोजली तरी २६२ मीटर भरते, आणि तेवढ्यात विमानांनी उडायचे, उतरायचे, उभे राहायचे आणि बाजूला सरकायचे. हे साधण्याचे तीन मार्ग जगाने शोधून काढले. पहिला गोफणीचा. डेकवरच्या खाचेतून वाफेच्या जोराने विमान पुढे फेकायचे. याला कॅटापुल्ट म्हणतात. दुसरा उलट्या घसरगुंडीचा. नौकेचे नाक वर उचललेले ठेवायचे, म्हणजे स्वतःच्या ताकदीने धावत आलेले विमान त्या चढावरून हवेत भिरकावले जाते. हाच स्की-जंप. या दोन्ही प्रकारांत उतरताना विमानाच्या शेपटीचा आकडा डेकवरच्या आडव्या पोलादी तारेत अडकवून त्याला शंभरेक मीटरांत थोपवावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे जागच्या जागी, सरळ खाली उतरू शकणारे विमानच घ्यायचे. ब्रिटिशांचे हॅरियर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

आता यातला एक मार्ग धरला की बाकीचे दोन बंद होतात. गोफणीच्या नौकेसाठी बनवलेल्या विमानाची पुढची चाके तो झटका सोसण्याइतकी दणकट लागतात. घसरगुंडीवरून उडणाऱ्या विमानाला इंजिनाची ताकद भरपूर हवी, आणि तरीही इंधन व शस्त्रांचा पूर्ण भार घेऊन त्याला उडता येईलच असे नाही. अमेरिकेचे आणि फ्रान्सचे नौदल दूरवर टेहळणी करणारे मोठे रडार-विमान नौकेवरून उडवते. आपल्या घसरगुंडीवरून ते उडू शकत नाही, म्हणून ते काम आपण कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरांवर भागवतो. थोडक्यात, नौका निवडली की विमान निम्मे निवडले गेलेले असते आणि विमान निवडले की नौकेचे हातपाय बांधले जातात. हे लग्न पाहून-सवरून करायचे, तर दोघांची वये जुळत नाहीत. नौका चाळीस-पन्नास वर्षे टिकते, विमान पंचवीस-तीस. म्हणजे एका नौकेच्या आयुष्यात किमान दोनदा तरी हा संसार नव्याने मांडावा लागतो.

पहिल्या ‘विक्रांत’चेच पाहा. दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रिटनने बांधायला घेतलेली ‘हर्क्युलिस’ ही नौका १९४५ मध्ये पाण्यात उतरली. पण युद्ध संपले आणि ती अर्धवटच पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती घेतली. बेलफास्टच्या गोदीत तिला तिरपा डेक आणि वाफेची गोफण बसवण्यात आली आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती ‘विक्रांत’ झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती मुंबईला आली. तिच्यासाठी ब्रिटनची सी हॉक आणि फ्रान्सची अलीझे ही विमाने घेतली होती. सी हॉक हे जेट होते खरे. पण ध्वनीच्या वेगाच्या आतले, आणि घेतले तेव्हाच काळाच्या मागे पडू लागलेले. पुढे संख्या कमी पडली तेव्हा पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून सोडलेली सी हॉक विमाने आपण घेतली. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. लहान नौदलाचा संसार बहुधा जुन्या बाजारातूनच उभा राहतो.

१९६५ च्या युद्धात ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती आणि तिची विमाने जमिनीवर. एकच नौका असली की असे व्हायचेच. शत्रू काही आपल्या दुरुस्तीचे वेळापत्रक बघून युद्ध पुकारत नाही. १९७१ मध्ये वेगळेच संकट उभे राहिले. तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते. बॉयलर कमी म्हणजे वाफ कमी; वाफ कमी म्हणजे वेग कमी आणि गोफणीचा जोरही कमी. अशा नौकेला युद्धात ढकलावे की नाही, याबद्दल मतभेद होते. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल एस. एम. नंदा यांनी तिला पूर्व किनाऱ्यावर पाठवण्याचा निर्णय केला. पुढचे वाचकांना ठाऊक आहे. तिला बुडवायला निघालेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमपाशी स्वतःच बुडाली, आणि ४ डिसेंबरपासून म्हाताऱ्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवून पूर्व पाकिस्तानचा समुद्राचा रस्ता बंद करण्यात मोठा वाटा उचलला. समोर तोडीस तोड विमाने नव्हती, हे त्या यशामागचे एक कारण होते, आणि नौदलाने ते कधी लपवलेही नाही.

युद्ध जिंकले, तरी सी हॉक म्हातारेच होते. त्यांच्या जागी काय आणायचे? १९७२ च्या जुलैत ब्रिटिश वैमानिक जॉन फार्ले यांनी ‘विक्रांत’च्या डेकवर हॅरियर उभे उतरवून दाखवले. पाहणाऱ्यांचे डोळे विस्फारले, पण तिजोरी विस्फारली नाही. मागणी नोंदवायला १९७९ साल उजाडले आणि पहिली सी हॅरियर विमाने गोव्याच्या दाबोळीला उतरली ती १९८३ च्या डिसेंबरात. प्रात्यक्षिकापासून अकरा वर्षे! मग या नव्या पाहुण्यासाठी घराची मोडतोड करावी लागली. ‘विक्रांत’ची गोफण काढून टाकण्यात आली आणि तिच्या नाकावर घसरगुंडी चढली. हे सारे पूर्ण होईतो नौकेचे स्वतःचे आयुष्य संपत आले होते. ३१ जानेवारी १९९७ रोजी तिला निवृत्त करण्यात आले. म्हणजे नव्या विमानासाठी सजवलेली ही नौका त्यानंतर जेमतेम काही वर्षेच समुद्रावर राहिली.

निवृत्त ‘विक्रांत’ मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा आम्ही घरची मंडळी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन ती पाहून आलो होतो. मुलांना विमाने आवडली. माझ्या मनात राहिली ती लिफ्ट. विमान डेकवरून पोटातल्या हँगरमध्ये नेणारा तो लोखंडी चौकोन पाहताना लक्षात आले की, या नौकेवर कोणते विमान राहू शकेल, हे तिच्या तोफा-क्षेपणास्त्रांनी ठरत नाही, ते ठरते या चौकोनाच्या मापाने. दारातून न जाणारे कपाट कितीही सुंदर असले तरी आपण घेत नाही, तसेच. या लिफ्टची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

मधल्या काळात १९८७ मध्ये ब्रिटनकडून ‘हर्मिस’ घेतली गेली आणि ती ‘विराट’ झाली. तिनेच १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचे नेतृत्व केले होते. तीही जुनीच, पण सी हॅरियरसाठी आधीच तयार, त्यामुळे हे लग्न सुखाचे झाले. ‘विराट’ने तीस वर्षे सेवा दिली. सी हॅरियर मात्र तिच्याआधी थकले. तिसाच्या आसपास घेतलेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, सुटे भाग मिळेनासे झाले आणि मे २०१६ मध्ये गोव्यात त्यांना निरोप दिला गेला. ‘विराट’ निवृत्त झाली ६ मार्च २०१७ रोजी. मधले दहा महिने ती लढाऊ विमानांविना विमानवाहू होती. तिची शेवटची गोष्ट आपल्या कोकणाशी जोडली जाणार होती. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली होती. प्रत्यक्षात २०२० च्या सप्टेंबरात ती तोडण्यासाठी गुजरातेत अलंगला गेली. पहिली ‘विक्रांत’ तर मुंबईतच, दारुखान्यात, २०१४ पासून तोडली गेली. तिच्या पोलादातून पुढे बजाजची मोटारसायकल निघाली, हे अनेकांना आठवत असेल.

विमानाविना नौका झाली. आता नौकेविना विमान. रशियाने १९९६ मध्येच सेवेतून काढलेली ‘गोर्शकोव्ह’ घेण्याचा करार २० जानेवारी २००४ रोजी झाला. नौका फुकट, दुरुस्तीचे तेवढे पैसे द्या, असे ते गाजलेले गणित होते. नौकेचे नाक क्षेपणास्त्रांनी भरलेले होते. ते सारे काढून तिथे घसरगुंडी बसवायची होती. दुरुस्तीचा मूळ आकडा ९७४ दशलक्ष डॉलरचा होता. तो वाढत वाढत २.३५ अब्ज डॉलरवर गेला. फुकट मिळालेल्या हत्तीची अंबारी अशी महागात पडली. तिच्यासोबत १६ मिग-२९ के विमानांची मागणी नोंदवली होती, पुढे २०१० मध्ये आणखी २९ ची. विमाने २०१० च्या फेब्रुवारीत गोव्यात दाखल झाली. नौका, म्हणजे आताची ‘विक्रमादित्य’, सेवेत आली १६ नोव्हेंबर २०१३ रोजी. पावणेचार वर्षे नौकेची विमाने जमिनीवरून उडत राहिली.

आणि ती विमाने कशी निघाली? नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०१६ चा अहवाल वाचण्यासारखा आहे. सरकारी अहवाल कुणी रविवारी वाचावा असे मी म्हणणार नाही, पण त्यातला एक आकडा सांगतो. मिग-२९ के विमानांपैकी उडण्याजोगी असलेल्यांचे प्रमाण १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान होते. इंजिने, सांगाडा आणि नियंत्रणप्रणाली या तिन्हींत दोष नोंदवले गेले होते. आलेल्या ६५ पैकी ४० इंजिने रचनेतल्या दोषांमुळे बाजूला काढावी लागली होती. पुढच्या काळात ही स्थिती सुधारली, असे नौदल सांगते. तरी २०२० च्या नोव्हेंबरात ‘विक्रमादित्य’वरून उडालेले एक प्रशिक्षण विमान अरबी समुद्रात कोसळले. एक वैमानिक वाचला, दुसऱ्याचा मृतदेह अनेक दिवसांच्या शोधानंतर हाती लागला. खरेदीच्या कागदावरचे टक्के आणि हिशेब शेवटी कुणाच्या तरी घरापर्यंत पोचतात.

इथे नाशिककराला एक गोष्ट खटकते. याच मिग-२९ चा जमिनीवरचा भाऊ हवाई दल चालवते, आणि त्याच्या दुरुस्तीचे व नूतनीकरणाचे काम हवाई दलाच्या ओझर येथील डेपोत झालेले आहे. म्हणजे या कुळाची विमाने खोलून जोडणारे हात आपल्याकडे होते, आहेत. मग नौदलाची विमाने आणि इंजिने इतकी आजारी का? काकांचे म्हणणे असे की, भाऊ असले तरी प्रकृती वेगळी. नौकेवर आदळत उतरणारे, खाऱ्या हवेत राहणारे विमान आतून वेगळे बनवलेले असते. त्यातून ते जगात फारसे कुणी घेतले नाही. रशियाच्या स्वतःच्या नौदलाने घेतलेली विमानेही आपल्याहून कमी. ज्याची गिऱ्हाइके मोजकी, त्याचे दोष उशिरा कळतात आणि सुटे भाग महाग मिळतात.

काकांची पिठाची गिरणी ती हीच. ओझरने साडेसहाशेच्या घरात मिग-२१ बांधली, दीडशेहून अधिक मिग-२७ बांधली, आणि २२२ सुखोई-३० बांधण्याचे काम इथेच झाले. इतकी संख्या असली की साचे, जिग, चाचणीची यंत्रे, माणसांचे प्रशिक्षण यांचा खर्च प्रत्येक विमानावर थोडा थोडा वाटला जातो. हात बसतो. दहाव्या विमानाला जे काम महिन्याचे, ते शंभराव्याला आठवड्याचे होते. नौदलाची खरेदी पाहा. तिसेक सी हॅरियर, ४५ मिग-२९ के, २६ राफेल. यांतल्या कशालाही इथे कारखाना उभा राहत नाही. मग विकत घ्यायचे, आणि विकणारा सांगेल त्या भावाने घ्यायचे. नव्या ‘विक्रांत’ला सुमारे २० हजार कोटी रुपये लागले, नौदलाच्या २६ राफेल विमानांना, शस्त्रे व देखभाल धरून, ६३ हजार कोटी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

स्वदेशी विमानाचा प्रयत्न झाला नाही असे नाही. तेजसच्या नौदल आवृत्तीने २०१२ मध्ये पहिले उड्डाण केले आणि ११ जानेवारी २०२० रोजी ती ‘विक्रमादित्य’वर तारेत अडकून उतरली. जगातल्या फार थोड्या देशांना जमलेली ही कामगिरी आहे. तरी तीन वर्षे आधीच नौदलप्रमुखांनी स्पष्ट सांगितले होते की, हे विमान नौकेवरून उपयोगी भार घेऊन लढायला पुरेसे नाही; वजन जास्त, ताकद कमी. माझ्या मते ते बरोबर होते. शिकण्यासाठी बनवलेले विमान शिकण्यासाठीच वापरावे. अभिमानापोटी ते वैमानिकाच्या गळ्यात मारू नये. त्या शिक्षणातून आता दोन इंजिनांच्या नव्या नौदल विमानाचा आराखडा आकाराला येतो आहे. ते येईपर्यंतची सोय म्हणजे राफेल.

आता लिफ्ट. नव्या ‘विक्रांत’च्या आणि ‘विक्रमादित्य’च्या लिफ्ट मिग-२९ के डोळ्यांपुढे ठेवून मापल्या गेल्या. मिगचे पंख मिटतात. मिटले की ते आठ मीटरांच्या आसपास येते. राफेलचे पंख मिटतच नाहीत आणि त्याची रुंदी पावणेअकरा मीटरांच्या पुढे आहे. लिफ्टची रुंदी साधारण दहा मीटर. त्यामुळे पंखांच्या टोकाचे भाग काढणे, विमान तिरपे बसवणे असले उपाय शोधावे लागतात. फ्रान्सच्या स्वतःच्या नौकेवर गोफण आहे. घसरगुंडीची राफेलला सवय नव्हती. म्हणून २०२२ च्या जानेवारीत गोव्याला ‘हंसा’ तळावरच्या जमिनीवरील घसरगुंडीवरून त्याची परीक्षा घेतली गेली. त्यात ते उतरले, अमेरिकेचे सुपर हॉर्नेटही नंतर उतरले, आणि अखेर राफेल ठरले. हवाई दलाकडे ३६ राफेल आधीच असल्याने भाग, शस्त्रे आणि प्रशिक्षण काही अंशी सामाईक राहील, हे त्यातले शहाणपण. २६ पैकी चार दोन-आसनी आहेत आणि ती नौकेवरून उडणार नाहीत, हे मात्र बातम्यांच्या मथळ्यांत फारसे आले नाही. नौकांसाठी उरतात बावीस. पहिली २०२८ मध्ये अपेक्षित आहेत. नवी ‘विक्रांत’ सेवेत आली २ सप्टेंबर २०२२ रोजी. तोवर तिच्यावर मिगच.

आपणच असे गोंधळलो, असे समजून वाईट वाटून घेऊ नये. ऑस्ट्रेलियाकडे ‘विक्रांत’चीच बहीण ‘मेलबर्न’ होती. ती थकली तेव्हा ब्रिटनची ‘इन्व्हिन्सिबल’ घेण्याचे ठरले. तेवढ्यात १९८२ चे फॉकलंड युद्ध झाले, ब्रिटनला ती नौका स्वतःलाच हवीशी वाटली, सौदा बारगळला आणि ऑस्ट्रेलियाच्या नौदलातून नौकेवरची लढाऊ विमानेच संपली. थायलंडने १९९७ मध्ये स्पेनकडून छोटी, देखणी, नवीकोरी नौका घेतली. तिच्यासाठी स्पेनच्याच वापरलेल्या हॅरियरांची खरेदी केली. काही वर्षांत विमाने उडेनाशी झाली आणि नौका आता हेलिकॉप्टरांपुरती राहिली. ब्राझीलने २००० मध्ये फ्रान्सची जुनी ‘फॉश’ घेतली. ती बहुतेक काळ गोदीतच राहिली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तिचा सांगाडा अटलांटिकमध्ये बुडवण्यात आला. थायलंडने नौका घेतली आणि विमानांचा विचार हातात जे मिळेल त्यावर सोडला. ऑस्ट्रेलियाने नौका दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवली.

यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले ते १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनच्या युद्धाचा धक्का ताजा असताना. पुढच्या वर्षी आपल्या नाशिकनेच त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवले. ओझरचा कारखाना उभा राहिला तो त्यांच्याच कारकिर्दीत. नौदलाला पाणबुड्या हव्या होत्या. ब्रिटन परवडेल अशा अटींवर देईना, तेव्हा १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. त्याच काळात माझगाव गोदीत ब्रिटिश आराखड्याच्या फ्रिगेट बांधण्याचे ठरले. त्यांतली पहिली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली. त्या निर्णयांची फळे आज दिसतात. माझगावची गोदी तेव्हापासून जहाजे बांधते आहे, थांबलेली नाही. विमानवाहू नौकेच्या बाबतीत असा अखंडपणा आपण राखला नाही. स्वदेशी नौकेचा विचार १९८९ पासून चालला, अंतिम मंजुरी २००३ मध्ये मिळाली, कोचीनला सांगाड्याचा पहिला भाग बसला २००९ मध्ये. मधल्या वर्षांत रशियाकडून मिळेनासे झालेले पोलाद आपल्याला स्वतःच तयार करावे लागले, हे खरे. पण उशीर पोलादाने कमी आणि कागदाने जास्त केला.

माझा मामेभाऊ निफाडकडे द्राक्षे करतो. त्याला विचारले, “दादा, जुनी बाग कधी काढतोस?” तो म्हणाला, “माल चांगला येतोय तेव्हाच दुसरीकडं खुंट लावून ठेवायचे. हिच्यावर विसंबून बसलो तर दोन-तीन साल हातावर हात.” खुंट रुजायला हवा, त्यावर कलम भरायला हवे, वेल मांडवावर चढायला हवी, बँकेचे हप्ते या कशासाठीच थांबत नाहीत.

‘विक्रमादित्य’चा मांडव किती दिवस? तिचा सांगाडा सोव्हिएत काळातला. दुरुस्तीने मिळालेले आयुष्य धरून ती २०४० च्या आसपास थकेल, असा सर्वसाधारण अंदाज आहे. नव्या ‘विक्रांत’ला सांगाड्यापासून सेवेपर्यंत तेरा वर्षे लागली. बेरीज कुणीही करावी. पुढची नौका कशी असावी, यावर वाद आहे. आधी ६५ हजार टनांची, गोफण असलेली ‘विशाल’ मनात होती. पुढे चर्चा ‘विक्रांत’सारख्याच ४५ हजार टनांच्या दुसऱ्या नौकेवर आली. तिसरा पक्ष म्हणतो, नौकाच नको, त्या पैशांत पाणबुड्या बांधा. संरक्षणदल प्रमुख जनरल बिपिन रावत यांनी २०२० मध्ये पाणबुड्यांना अग्रक्रम द्यावा असे उघडपणे म्हटले होते. पाणबुड्यांचा हा युक्तिवाद हलका नाही. जमिनीवरून मारा करणाऱ्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या जमान्यात ४५ हजार टनांचे लक्ष्य समुद्रावर मिरवणे जोखमीचे आहे, हे खरे. पण पाणबुडी समुद्र अडवू शकते, आपल्या जहाजांवर छत्र धरू शकत नाही. तेल आणणारी जहाजे अरबी समुद्रातून सुखरूप यायची तर वर कुणीतरी उडत असले पाहिजे, आणि गोव्याच्या तळावरून निघालेले विमान दूरच्या समुद्रावर किती वेळ थांबणार?

माझे मत विचाराल तर ‘विक्रांत’चीच धाकटी बहीण कोचीनला बांधायला घ्यावी, तीही आताच. ६५ हजार टनांच्या स्वप्नाला नवी गोफण लागेल, नवी गोदी लागेल, आणि पुन्हा १९८९ ते २००९ चा खेळ होईल. धाकट्या बहिणीत एकच बदल आग्रहाने करावा: लिफ्ट मोठ्या कराव्यात. आज कोणते विमान आहे ते न बघता, २०५० मध्ये कोणते येऊ शकेल ते धरून. लोखंडाचे चार मीटर आज स्वस्त आहेत. नंतर तेच चार मीटर विमान निवडताना अब्जांना पडतात.

यात ओझरचे काय? सुखोईचे मूळ काम संपत आले तेव्हा पुढे काय, या काळजीने इथल्या कित्येक घरांत झोप उडाली होती. शिकलेला हात वर्षभर रिकामा राहिला की तो काम विसरतो, नाहीतर दुसरीकडे जातो. आता इथे तेजसची तिसरी उत्पादन-फळी सुरू झाली आहे, वर्षाला आठ विमानांच्या क्षमतेने. तिथून निघालेले पहिले विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले, आणि त्याच्या जोडीने प्रशिक्षण विमानांचे कामही आले आहे. हवाई दलाने तेजसच्या या आवृत्तीची मागणी १८० पर्यंत नेली आहे. एवढ्या संख्येला गिरणी परवडते. नौदलाचे दोन इंजिनांचे विमान आले, तर तेही असेच हवाई दलाच्या विमानांशी इंजिन, रडार, शस्त्रे जमतील तेवढी सामाईक ठेवूनच परवडेल. एकट्या नौदलाच्या पन्नास-साठ विमानांवर कुणाचीच चूल पेटणार नाही.

परवा काकांना हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच विचारले, “मग कोचीनला दुसऱ्या नौकेचं काम लागलं का?” २०२५ संपेपर्यंत तरी ती मागणी नोंदवली गेलेली नव्हती.